कोंडिबाची नजर

कावळा काही शिवत नव्हता. घोडनदीच्या काठी रोहनच्या दहाव्याला जमलेली माणसं ताटकळली होती. चैत्राचं ऊन नुसतं भाजून काढत होतं.

"आला, आला!" कोंडिबाचा पुतण्या विक्रम ओरडला.

"कोकीळ हाय त्यो," कोंडिबा म्हणाला. "डोळा बघ, लाल हाय."

"मग तारंवरचा?"

"कोतवाल. शेपूट दिसंना व्हय रं?"

वरून परतीला निघालेल्या भोरड्यांचा थवा गेला. उन्हात सगळा काळाच दिसत होता. "मागल्या दोन साळुंक्या हायेत," कोंडिबा सवयीनं पुटपुटला. ज्वारीतली पाखरं हाकण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याची नजर चुकली, असं गावात कुणी ऐकलं नव्हतं.

म्हणून तर त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं, रोहन गेल्याचं मानलं. पोरगा कुरकुंभला कामावर म्हणून गेला, तो आलाच नाही. वर्षं गेली. ती रोज त्याचं ताट वाढायची, अन् ते तसंच राहिलं की आपलंही बाजूला सारायची. वाळून पार काटकी झाली बाई! मग दौंडजवळ भीमेत प्रेत सापडलं. चेहरा राहिला नव्हता. कोंडिबानं चादर उचलली, बघितलं, अन् म्हणाला, "आमचाच हाय."

"तुमी बघितलं म्हंजी झालं," म्हणत तिनं हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली.

आता कावळेही आले. फांदीवर बसले, पण खाली उतरेनात.

"रोहन, वैष्णवीचं लगीन थाटात करू रं," सगुणाबाई त्याच्या बहिणीचं नाव घेऊन विनवू लागली. "तुझ्या बापाला जपीन." कावळे ढिम्म. ती नवऱ्याकडं वळली. "अवं, का शिवंना? माझं लेकरू जितं तर न्हाई ना? आज त्याचं ताट वाढू का?"



"आबा, दर्भाचा कावळा करू आन् मोकळं होऊ," विक्रम म्हणाला.

"थांब जरा." कोंडिबा एकटाच पिंडापाशी गेला. हात जोडून काहीतरी पुटपुटला अन् मागं सरला. तोच एक कावळा झपकन उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला.

"शिवला!" माणसं उठली. सगुणाबाई मटकन खाली बसली. "सुटला गं बाई माझा रोहन!" रडता रडता तिनं विचारलं, "काय बोलला त्याला?"

"त्याच्या आयकडं बघीन म्हणालो."

तिनं पदरानं डोळे पुसले. "चला, घरी जाऊन दोन घास खाऊ."

कोंडिबा पिंडाला म्हणाला होता, "लेकरा, तू कुणाचा हाईस मला ठाव न्हाई, पण तुझी आय मी हुडकीन."