समजा, टायर फुटला

“घेऊ नकोस,” विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणाला. मुलीचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं. “टायरचा विमा म्हणजे शुद्ध बावळटपणा. आणि तुमच्या घरात त्याची टंचाई आहे असं मला वाटत नाही.”

मुलगी दारातच उभी होती. दीड वर्षाने आली होती. सोबत एक टायर आणला होता, तो पायरीला टेकवून ठेवला होता. तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, तेही भाड्याची गाडी चालवणाऱ्याशी, तेव्हापासून सर्व्हेअरने तिचं नाव टाकलं होतं. जावयाला तो जावई म्हणत नसे. ड्रायव्हर म्हणे.

“हे ओझं घेऊन बसने आलीस? ड्रायव्हरला सोडता आलं नाही?”

“आज गाडी नव्हती,” ती म्हणाली. “बाबा, आमचं घर त्या एका गाडीवर चालतं. ती उभी राहिली की संपलंच. म्हणून विचारायला आले. यातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?”

शेवटचं वाक्य लागू पडलं. सर्व्हेअर बाजूला झाला आणि त्याने तिला आत घेतलं. पाणी मात्र विचारलं नाही.

टायर तिने फरशीवर आडवा ठेवला. त्याच्या कडेला वीतभर चीर होती.

“समजा, गाडी खड्ड्यात गेली आणि टायर असा फाटला. विमा असेल तर कंपनी नवा देईल ना?”

“समजा!” सर्व्हेअर नाकाने हसला. “तीस वर्षं हेच ऐकतोय. समजा खड्डा दिसला नाही, समजा समोरून ट्रक आला. एक बाई तर कडेवर पोर घेऊन आली होती. पोराला बघून टायर भरून येणार होता जणू!”

“मग तिला काय सांगितलंत?”

“मी कोणाला काही सांगत नाही. नावंसुद्धा वाचत नाही. फाइलचा नंबर, टायरचा नंबर, बास. नाव वाचलं की माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की हात ढिला पडतो.” हे तो अभिमानाने म्हणाला. निरोप समारंभाच्या भाषणासाठी हे वाक्य त्याने राखूनच ठेवलं होतं.

सुट्टीच्या दिवशीही त्याच्या खिशात खाचेची खोली मोजायचा गेज असायचा. तो काढून गुडघ्यावर हात देत सर्व्हेअर खाली बसला. टायरच्या नक्षीतल्या एका खाचेत त्याने गेजची सुई सोडली.

“खाच तीन मिलिमीटरपेक्षा उथळ असली तर टायर झिजलेला धरतात. क्लेम बाद. ही बघ. चार पूर्णांक दोन. अजून वर्षभर सहज पळाला असता.”

“म्हणजे क्लेम मिळेल.”

“तुला मिळेल. तुझा बाप मोजतोय म्हणून.” त्याने गेज उचलला आणि चार बोटं पुढे नेऊन त्याच खाचेत पुन्हा टेकवला. “बाकीच्यांचं असं मोजतो. दोन पूर्णांक सहा. गेले घरी!”

मुलगी वाकून बघू लागली. लहानपणी ती त्याच्या बॅगेतली मापं अशीच वाकून बघायची. सर्व्हेअरला ते आठवलं आणि तो थोडा खुलला.

“खाचेच्या तळाला हा बारीक उंचवटा दिसतोय? टायर किती झिजला ते कळावं म्हणून असतो. सुई त्याच्यावर ठेवायची. कोणाच्या बापाला कळत नाही.”

“पण हे खोटं झालं, बाबा.”

“खोटं कसलं? सुई जिथे टेकली तिथलं माप खरंच आहे.”

“आणि कोणी अपील केलं तर?”

“करतात ना शहाणे. पण टायर कोण जपून ठेवतो? रागारागाने भंगारात घालून मोकळे होतात. मग बसा बोंबलत.” टायर जपून ठेवण्याइतकी अक्कल असलेला माणूस त्याने अजून पाहिला नव्हता.

मुलगी जरा घुटमळली. “घरी सांगितलं तर पटायचं नाही. तुम्ही लिहून द्याल का?”

सर्व्हेअरला मनापासून आनंद झाला. ड्रायव्हरला दोन अक्षरं शिकवायची संधी कोण सोडेल? त्याने टेबलावरचं स्वतःच्या नावाचं पॅड ओढलं. आधी टायरच्या कडेवरचा नंबर लिहिला, कारण नंबराशिवाय माप लिहिणं त्याला जमतच नसे. मग लिहिलं, खाचेत ४.२. उंचवट्यावर २.६. टायर वापरण्यास योग्य. खाली तारीख, झोकदार सही आणि शिक्का.

“हे घे. फ्रेम करून लावा.”

तिने कागद दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन ओढली.

“मग? कळलं ना आता? विमा घ्यायचा नाही.”

“घेतला होता, बाबा,” ती म्हणाली. “टायर फाटून तीन आठवडे झाले. गाडी उभीच आहे. उद्या अकरा वाजता अपिलाची सुनावणी आहे.”

पर्सच्या दुसऱ्या कप्प्यातून तिने एक कागद काढून त्याच्या हातात दिला. “हा राहू दे तुमच्याकडे. झेरॉक्स आहे.”

मग तिने टायर उभा केला आणि हळूहळू ढकलत दाराबाहेर नेला.

सर्व्हेअरने कागद उलगडला. खाच २.६, क्लेम नामंजूर. टायरचा नंबर आत्ता लिहिला तोच, खाली सही त्याचीच. वरचा नावाचा रकाना त्याने आयुष्यात पहिल्यांदा वाचला. नाव त्याच्या जावयाचं होतं.