पहिला घोट

ओढ्याकाठी माझी हातभट्टी होती. गिऱ्हाइकाला ओतण्याआधी पहिला घोट भट्टीवाल्यानं स्वतः घ्यायचा, असा आमच्यात रिवाज.

बहात्तरच्या दुष्काळात मी तो एकदाच मोडला. दारूला भलताच वास येत होता, पण ओतून द्यायचं जिवावर आलं. धाकटा भाऊ येडू करवंटी पुढं करून हसला. "दादा, आदी तू घे की."

"पी गप," मी म्हणालो.

संध्याकाळी त्याची नजर गेली. पहाटे तोही गेला. वासाचं मी कुणालाच बोललो नाही.

पुढच्या उन्हाळ्यापासून भरदुपारी वानरं येऊ लागली. सांडलेली दारू चाटायची, झिंगून एकमेकांवर लोळायची. मला गंमत वाटायची. येडूच्याच करवंटीत मी त्यांना ओतू लागलो.

"त्यास्नी पाजू नगा," बायको म्हणायची. "पिताना तुमच्याकडंच बघत्यात ती."

आज करवंटी भरली, तरी एकही पुढं आलं नाही. सगळी माझ्याकडंच बघत बसली. मग म्हातारा हुप्प्या उठला. त्यानं करवंटी दोन्ही हातांनी उचलली आणि थेंबही न सांडता माझ्या ओठांपाशी आणून धरली.

तोच वास होता. मला तो सकाळीच आला होता.