मागणीचा रकाना

गुणाजी गाऱ्हाणेकरांनी देवापुढे नारळ ठेवला आणि खिशातून कागद काढला. जत्रेला जमलेला गाव कुजबुजला. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे तोंडी मागायचं. त्यात कागद म्हणजे देवाला नोटीस दिल्यासारखं.

“गुणाजी, त्या कागदात विनीतचा नाव नाय मा?” पहिल्या रांगेतून भिकाजीने विचारलं.

“नाय रे. तूच नको म्हटलंस, मगे असात कशाक?”

विनीत भिकाजीचा मुलगा. त्याने पुण्यात फ्लॅट घेतला आणि घेताना सोसायटीला ‘घरात मासे शिजवणार नाही’ असं लिहून दिलं. भिकाजीची मासेमारीची होडी आहे. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मासे सोडलेल्या माणसासाठी देवाला तसदी देऊ नये, असं भिकाजीचं म्हणणं.

कागद गुणाजींच्या नातीने, तेजस्वीने काढून दिला होता. परगावी असलेल्या घराघरातून एकेक एक्सेल फाइल आली होती. नाव, मोबाइल, जत्रेला जेवायला किती माणसं, आणि देवाकडची ‘मागणी’. एकेक फाइल उघडून तेवढाच रकाना उतरवायचा तर पुढची जत्रा उजाडली असती. म्हणून तेजस्वीने एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली: फोल्डरमधल्या सगळ्या फायली क्रमाने उघड, ‘मागणी’चा रकाना उचल, पुढे नाव लाव, एकाखाली एक चिकटव. स्क्रिप्टने चहा निवायच्या आत काम उरकलं. तेजस्वीने प्रिंट काढला. वाचला मात्र नाही. वाचायचाच होता तर स्क्रिप्ट कशाला लिहायची?

“बा देवा म्हाराजा!” गुणाजींनी सुरुवात केली. “परगावी आसत तेंचा गाऱ्हाणा ऐक. ठाण्याच्या मंगेशाक पार्किंग मिळांदे!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजला.

“दिव्याचा लग्न जमांदे. घाई नको, असा तिना कंसात लिवल्यान!”

“व्हय म्हाराजा!”

“कांदिवलीच्या स्वरूपाक दोन किलो काजूगर, साल काढलेले...”

गुणाजी थबकले. त्यांनी देवाकडे पाहिलं. देवाने काही सुचवलं नाही. गाऱ्हाणं अर्ध्यात तोडता येत नाही.

“...मिळांदेत!”

“व्हय म्हाराजा!”

लॅपटॉपची बॅग घेऊन खांबाशी उभ्या तेजस्वीला चूक उमगली. ती घरबसल्या काजू, कोकम आणि सुकी मासळी विकते. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरच्या फायली त्याच फोल्डरात होत्या आणि त्यांतही एक रकाना ‘मागणी’चाच होता. देव आणि दुकान यांतला फरक स्क्रिप्टला सांगायचा राहून गेला होता. तिने हाताने थांबायची खूण केली. गुणाजींना वाटलं, आवाज वाढवायला सांगते आहे.

“पूजाची मागची कोकमां आंबट नव्हती, ती बदलून मिळांदेत!”

“व्हय म्हाराजा!” यात मात्र गावाचा खरा कळवळा होता.

“पुण्याच्या विनीत भिकाजीक...”

नाव बाहेर पडलं. भिकाजीने मान वर केली. पण नाव देवाच्या कानावर गेलं होतं. आता पुढचं न सांगणं म्हणजे माणसाला दारात बोलावून दार लावून घेण्यासारखं. त्यांनी आवाज खाली आणला. घुमटाने तो परत वर नेला.

“अर्धो किलो सुकी सुंगटां. दर म्हयन्याक पाठवची. खोक्यावर भायरसून ‘कोकम’ असा लिवचा. वॉचमन वास घेता.”

कोणीच ‘व्हय’ म्हणेना. अर्धा गाव देवाकडे बघत होता, अर्धा भिकाजीकडे. विनीतचं नाव इतक्या दिवसांनी देवळात घेतलं गेलं, तेही वाळवलेल्या कोळंबीसकट. गाऱ्हाणं हवेत लोंबकळत राहिलं. गुणाजींनी कागदाची घडी घातली, उलगडली. ते उगाचच पुढे म्हणाले, “...मिळांदेत.”

भिकाजीने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. आधी डोळे, मग बाकीचं.

“व्हय म्हाराजा,” तो एकटाच म्हणाला.

मग गाव असा ओरडला की बाहेर गुळाचं खाजं विकणारी सावित्री तराजू टाकून आत बघायला आली.

गाऱ्हाणं संपल्यावर भिकाजी सरळ खांबापाशी आला. तेजस्वीने ढालीसारखी लॅपटॉपची बॅग पुढे धरली.

“काका, चूक माझी. देवाच्या फायली आणि दुकानाच्यो एकत्र ऱ्हवल्यो. स्क्रिप्टान सगळ्यांतलो मागणीचो कॉलम तेवढो उचलल्यान. विनीतदादान कोणाक सांगू नको म्हटलेल्यान...”

“ता ऱ्हवांदे. तू तेका सुंगटां खंयची पाठवतंस?”

“बाजारातली.”

“तेंच्यात रेव असता.”

“असता थोडी.”

“थोडी!” भिकाजी म्हणाला. अपमान नेमका कोणाचा झाला, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तो पायऱ्या उतरला, चपला घातल्या, होडीच्या वाटेला लागला. मग चपला काढून पुन्हा वर आला.

“गो, पत्तो खंयच्या कॉलमात आसा?”