नळावरची पैज

“पुस्तक आलंच, तर नळावर सगळ्यांसमोर मिशी उतरवीन!” मी लवूदादाशी पैज मारली. संपात गिरणी गेली. उरलासुरला फंड दादाने कविता छापायला एका प्रकाशकाला दिला होता. “दादा, छापखाना न दाखवता पैसे मागतो तो ठगच,” मी बजावलं होतं. वर्षाने गठ्ठा आला. तोवर डायबिटीसने दादाची नजर गेली होती. पुस्तक चाचपत तो ओरडला, “हरलास! वाच पहिली कविता.” कव्हरवर दादाचं नाव, आत टेलिफोन डिरेक्टरीची रद्दी शिवलेली. वाकून बघणाऱ्या चाळीला मी डोळ्यांनीच दटावलं. कट्ट्यावर दादाच्या नकला करकरून कविता मला पाठ झाल्या होत्या. पानं उलटत मी त्या घडाघडा म्हटल्या. मग नळावर बसून वस्तरा फिरवला. दादाने माझ्या ओठावरून बोट फिरवून खात्री केली. बोट ओलं झालं. “रडतोस काय येड्या? मिशी परत येईल!”