आदामाच्या आधीचं शिंपलं

नीरजाने शिंपलं वडिलांच्या बायबलशेजारी ठेवलं. वर नाही, शेजारी. एवढं भान तिने राखलं.

“खाडीकाठी विहीर खणताना सापडलं. जांभ्याच्या खाली, काळ्या मातीत. आदामाच्या कितीतरी आधी मेलंय हे, बाबा. तेव्हा पाप करायला होतं कोण?”

तिचे वडील, गंगाराम, चर्चच्या पंचांपैकी सर्वांत ज्येष्ठ. उद्याच्या उपासनेत वाचायचा उतारा काढून बसले होते. पापामुळे मरण जगात आलं, तो. त्यांनी चष्मा वर सरकवला.

“जलप्रलयात गेलं असेल.”

“शिंपलं? पाण्यात बुडून?”

त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. “एमएस्सी झालीस म्हणून बापाची फिरकी घेतेस काय गो?”

“हे भोक बघा. समुद्रातली गोगलगाय असं गोल भोक पाडते नि आतला जीव खाते. मांडवीच्या वाळूत आजही अशी शिंपली मिळतात. मरण तेव्हाही होतंच.”

“प्राण्यांचं असेल. माणसाचं वेगळं. माणसाचं मरण पापामुळेच...”

“म्हणजे मोदकामुळेच ना?”

दारात विमला उभी होती, त्यांची सून. हातावर उद्यासाठी इस्त्री केलेली पांढरी साडी. नाताळच्या आधी तिची तान्ही मुलगी गेली. तेव्हापासून विमला चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे जात नव्हती. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

“कसला मोदक, वहिनी?”

“तुळसाकाकूंकडचा. गणपतीपुढे ठेवलेला, आपल्याला न चालणारा. सातवा महिना होता. वास आला, खाल्ला.” ती सासऱ्यांकडे बघत होती. “उद्या मंडळीपुढे उभी राहून सांगणार आहे. माझ्या पापाने ती गेली म्हणून.”

नीरजाने शिंपलं उचललं. आता ते कोणाला दाखवायचं, तिला कळेना.

गंगारामांनी बायबल मिटलं. उताऱ्याला खूण घालायची राहिली.

“तो मोदकांचा डबा तुळसाच्या घरून मीच आणला होता,” ते म्हणाले. “वाटेत दोन खाल्ले. गरम होते.”

विमलाने हातावरची साडी छातीशी धरली.

“उद्या तू बसून राहा, पोरी. उभं राहायचंच झालं, तर आधी मी राहीन.”