राहिलेला शब्द

सकाळी सव्वासहाला मी चहा केला, दोन ब्रेड भाजले आणि नायजेरियातल्या कलाबारच्या आमच्या घराच्या ओसरीत स्क्रॅबलची अक्षरं घेऊन बसले. राष्ट्रीय संघाच्या निवडीला नेणारी बस साडेसातला होती. सहा वर्षं मी या एका दिवसासाठी घालवली होती.

एतिम मास्तरांची शिस्त ठरलेली होती. पिशवीतून सात अक्षरं काढायची आणि त्यांतून होणारे सगळे इंग्रजी शब्द म्हणायचे. एखादा राहिला, की समोर बसलेले मास्तर टेबलावर एकदा बोट वाजवत. शब्द बाकी असताना उठायचं नाही. मास्तरांना वारून तीन आठवडे झाले होते.

मी आठ शब्द म्हटले. समोर बोट वाजलं.

नववा आठवला, तो म्हटला. पुन्हा वाजलं. मी शब्दांची यादी उघडून पाहिली. त्या अक्षरांचे नऊच शब्द होते.

साडेसात वाजून गेले, तेव्हा माझ्याबरोबर निवडीला निघालेल्या एन्कोयोने फाटकातून हाक मारली, "अगं बाई, बस खोळंबलीय. आणि सकाळी सकाळी टेबल कोण बडवतंय?"

"तुलाही ऐकू आलं?"

"बहिरी आहे का मी? ऊठ."

"तुम्ही व्हा पुढे. माझा एक शब्द राहिलाय."

बस गेल्याचा आवाज आला. मी यादी मिटली, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे चहाचा दुसरा कप ठेवला आणि तीच सात अक्षरं पुन्हा मांडायला घेतली.