विनिताची सुट्टी

केतकीने शिऱ्याचा घास फ्रॉकवर थुंकला आणि विनिता ओरडली. अशी ओरडली, की समोरच्या बिल्डिंगमध्ये गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईने मान वळवून पाहिलं.

"एवढं तूप घालून केलाय, तुझ्यासाठी! खा मुकाट्याने!"

"ग्लोरिया आंटी केळं घालते," केतकी म्हणाली. चार वर्षांची पोर, पण वकिलाच्या वर.

साहेबाच्या मागे लागून लागून विनिताने ही रजा पदरात पाडून घेतली होती. लेकीला आपल्या हाताने न्हाऊ घालायचं, दुपारी कुशीत घेऊन झोपायचं, संध्याकाळी किल्ल्यावर न्यायचं, असे तिचे बेत. न्हाऊ घातलं, तर साबण डोळ्यांत गेला. वेणी घातली, ती घट्ट झाली. दूध दिलं, त्यात साय निघाली. ग्लोरिया आंटी असं करत नाही, हे सकाळपासून इतक्यांदा ऐकून झालं होतं, की पोरीला दिवसभर सांभाळणाऱ्या त्या भल्या शेजारणीचा विनिताला चक्क मत्सर वाटू लागला होता.

अंधेरीच्या एका कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. बोर्डावर बसलं, की समोरचा शिव्या देवो नाहीतर ओव्या गावो, आपण साखरच पेरायची, ही तिथली नोकरी. संध्याकाळी वसईला पोचेपर्यंत त्या साखरेचा कण उरत नसे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? घरच्यांच्या वाट्याला यायचा तो बसलेल्या घशाचा, वसकन अंगावर येणारा आवाज. हे तिला कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर रजा काढली होती.

माखलेला फ्रॉक धुवायला ती बाथरूममध्ये गेली. बाहेर येते, तो दार सताड उघडं आणि केतकीचा पत्ता नाही.

खाली टँकर आला होता. म्हणजे टाकीचं झाकण उघडं असणार. विनिता अनवाणीच जिन्याकडे धावली, आणि समोरच्या दारातून तिला लेकीचा आवाज ऐकू आला.

ग्लोरिया आंटी स्वयंपाकघराच्या दारात बोंबील साफ करत बसली होती. "आली ती फोनकडेच धावली," ती हसत म्हणाली. "म्हटलं, अगो, मम्मी आज घरी हाय, कोनाला फोन करते तू? ऐकेल तर शप्पथ!"

रोज दुपारी जेवण झालं, की आंटी केतकीला आईचा फोन लावून द्यायची. आंटीचा मुलगा युजीन बोटीवर नोकरीला. तिच्याकडे त्याचे फोन यायचे, तिच्याकडून जायचा तो हा एवढाच. रिडायलचं बटण कुठलं, ते पोरीला कधीच पाठ झालं होतं.

केतकी स्टुलावर उभी होती. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरलेला.

"आई, मी आज घरी आहे. हो ना. त्या घरातल्या आईकडे." मग पलीकडचं ऐकून ती खुदकन हसली. "नाही गं, ती खूप ओरडते. डोळ्यांत साबण पण घातला. आई, तिची सुट्टी कधी संपणार?"

विनिता उंबऱ्यातच थबकली. सकाळपासून हे हसू तिच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं.

तिने पुढे होऊन रिसीव्हर काढून घेतला. कानात तिचाच आवाज आला. तेच लाडिक "हो का, राणी?", शेवटाला तोच किंचित वर गेलेला सूर. ही सुरुची, बोर्डावर बदलीला बसणारी नवी मुलगी. असं बोलायला विनितानेच तिला शिकवलं होतं. फोन करणाऱ्याचं मन मोडायचं नाही, राँग नंबर असला तरीसुद्धा.

"सुरुची, मी विनिता."

"अय्या, विनिताताई! अहो, ती मलाच आई समजून बोलतेय. सांगणार होते मी, पण इतकी रंगात आली होती, की म्हटलं राहू दे. कसली गंमत ना?"

"हो. गंमतच."

विनिताला राग आला. सुरुचीवर काढावा, तर तिने शिकवलेलं चोख केलं होतं. पोरीवर काढावा, तर सकाळपासून दुसरं काय चाललं होतं?

"दे ना!" केतकीचे ओठ थरथरायला लागले. "माझी आई आहे ती!"

रोज फोनवर बोलते ती मीच, हे सांगून टाकावं का हिला? सांगितलं, तर हिची फोनवरची आई जाईल. मग हिला उरेन ती मीच.

"सुरुची, कॉल नसतील तर बोल तिच्याशी थोडा वेळ," ती म्हणाली, आणि रिसीव्हर तिने लेकीच्या हातात दिला. "घे. बोल."

केतकीने तो झडप घालून कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. वेणीची रिबीन सुटून पाठीवर लोंबत होती. विनिताने ती बांधायला हात पुढे केला, तसा पोरीने खांद्याने तो उडवून लावला.

"थांब ना जरा! दिसत नाही का, आईशी बोलतेय मी!"